पिशवी राखणारे हात

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे गाव देशाला ठाऊक झाले ते विनोबा भावे यांच्यामुळे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म या गावी झाला. अरबी शिकून कुराणाचा अभ्यास करणारे आणि भूदानासाठी देशभर पायी फिरणारे विनोबा म्हणून आपल्या समाजालाही ते परके नाहीत. आज मात्र आम्हाला विनोबांविषयी लिहायचे नाही. त्यांच्या जन्माचे साल धरून एक साधा प्रश्न विचारायचा आहे. त्या काळी कुलाबा जिल्ह्यातल्या अशा एखाद्या गावात बाळंतीण अडली, तर तिचे काय होत असे?

उत्तर अवघड नाही. हिंदूंच्या घरी सुईण येई, मुसलमानांच्या घरी दाई येई. पुष्कळदा दोघी एकच असत. सरळ बाळंतपण तिच्या हातून सुखरूप पार पडे. पण मूल आडवे आले, वार अडकली किंवा रक्त थांबेना, तर तिच्यापाशी उपाय नसे. खाडीपलीकडे मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते. परपुरुषाला अंग दाखवायचे नाही म्हणून हिंदू, पारशी आणि मुसलमान बायका उपचारावाचून मरतात, हे ओळखून ते स्त्री डॉक्टरांच्या हाती सोपवण्यात आले होते. एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टर त्यासाठी १८८३ मध्येच मुंबईत येऊन दाखल झाली होती. परंतु गागोद्यातल्या अडलेल्या बाईला कामा रुग्णालय विलायतेइतकेच दूर होते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही. पण शाळेत मुलांच्या आया भेटतात आणि त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येते, "पिशवी काढून टाकली." बोलणारी पुष्कळदा चाळिशीच्या आतली असते. का काढली, असे विचारले तर "डॉक्टर म्हणाले" यापलीकडे उत्तर नसते. म्हणून स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा इतिहास वाचावा असे वाटले. वाचताना दिसले ते असे, की या शाखेतली मोठी माणसे आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झुंजत होती. बाईचा जीव वाचवायचा आणि तिची गर्भपिशवीही राखायची, हे कसे साधावे? त्या प्रश्नाची काही उत्तम उत्तरे आपल्याच मुंबईत सापडली आहेत.

अंदलुस ते अलाबामा

प्रथम थोडे मागे जाऊ. इसवी सन १००० च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोवाजवळच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत आणि अडलेले किंवा पोटात मेलेले मूल काढण्याची साधनेही आहेत. आम्हाला विशेष वाटले ते वेगळेच. बाईच्या मूत्राशयातला खडा काढण्याविषयी लिहिताना जहरावी म्हणतात, की जाणकार स्त्री वैद्य मिळवावी, आणि ती नसेल तर दाईला हाताशी घेऊन तिच्याकरवी तपासणी करावी. परदा हा उपचाराला अडथळा आहे हे त्यांना दिसत होते. त्यांनी परद्याशी भांडण मांडले नाही आणि बाईला मरूही दिले नाही. बाईच्या हाताला हुन्नर शिकवण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. कामा रुग्णालय उभारणाऱ्यांनी सुमारे नऊशे वर्षांनी तेच केले.

त्यांच्यानंतरचे इब्न सीना (९८० ते १०३७). त्यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात एक गोष्ट नोंदलेली आहे. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलीला गर्भ राहिला, तर मुलाच्या आकारमानाने मूत्राशय फाटतो, लघवी सतत गळत राहते आणि हे दुखणे मरेपर्यंत बरे होत नाही. म्हणून अशा मुलीला गर्भ न राहण्याचे उपाय सांगावेत, असा त्यांचा सल्ला आहे. अडलेल्या बाळंतपणाची ही सर्वांत लाजिरवाणी गुंतागुंत. तीत बाई जिवंत राहते, पण अंगाला वास येतो म्हणून घरातून टाकली जाते.

या दुखण्यावर खात्रीची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सापडली. अलाबामातल्या मॅरियन सिम्स या डॉक्टरने चांदीच्या तारेने टाके घालून १८४९ मध्ये ते छिद्र बुजवले. त्यासाठी त्याने प्रयोग केले ते गुलाम काळ्या स्त्रियांवर, भूल न देता. त्यांतल्या अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी ही तीन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर तीसएक वेळा शस्त्रक्रिया झाली. या बायका दुसऱ्याच्या मालकीच्या होत्या, त्यामुळे त्यांना खरोखर नकार देता येत नव्हता. पुढे जगभरच्या लाखो स्त्रियांना या शस्त्रक्रियेचा गुण आला. पण तिची सुरुवात संमतीवाचून झाली होती, हे विसरून चालणार नाही. संमतीचा हा प्रश्न लेखाच्या शेवटी पुन्हा येईल.

काढणे की शिवणे?

पोट फाडून मूल काढण्याची, म्हणजे आज आपण ज्याला सिझेरियन म्हणतो ती शस्त्रक्रिया जुनी आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिच्यातून वाचणारी आई विरळाच. कारण ऐकले तर आज नवल वाटेल. डॉक्टर पोट शिवत, पण पिशवी शिवत नसत. पिशवी आपोआप आकसते, तिला टाक्यांची गरज नाही आणि आत टाके राहिले तर ते सडतील, अशी समजूत होती. त्यामुळे बाई रक्तस्रावाने जाई, नाहीतर आत पू होऊन जाई. १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्पसनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले, १८६७ मध्ये लिस्टरने जंतू मारण्यासाठी कार्बोलिक आम्लाची रीत मांडली. वेदना आटोक्यात आल्या, जखमा सडणे कमी झाले. न शिवलेली पिशवी मात्र तशीच राहिली.

१८७६ साली इटलीतल्या पाविया शहरी एदुआर्दो पोरो याने यावर उपाय काढला. मूल काढल्यावर त्याने पिशवीच कापून टाकली. आई जगली, मूल जगले. साऱ्या युरोपात ही रीत गाजली, कारण तोवर बाई वाचतच नव्हती. सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स झेंगर याने दुसरा मार्ग दाखवला. चांदीच्या आणि रेशमाच्या धाग्यांनी पिशवीचा छेद थरांनी नीट शिवायचा. आई जगते, पिशवीही राहते. जगाने अखेर झेंगरचाच मार्ग पत्करला. पुढे ग्लासगोच्या मन्रो केर याने १९२० नंतरच्या दशकात पिशवीच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची रीत रुजवली. तो भाग कमी रक्ताळतो आणि पुढच्या खेपेला फाटण्याची भीतीही कमी असते. आजही बहुतेक सिझेरियन त्याच जागी होते.

पोरोचे काही चुकले, असे आम्ही म्हणत नाही. काढण्यावाचून गत्यंतर नव्हते तेव्हा त्याने काढली. शिवता येऊ लागल्यावर मात्र नुसते काढणे हे शहाणपण उरले नाही.

मुंबईचा टाका

विनोबांच्या जन्मानंतर चार वर्षांनी, १८९९ मध्ये, गोव्यातल्या शिरोडा गावी विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस होऊन परतले आणि त्याच कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्यापुढे अशा बाया येत, ज्यांचा गर्भ दर खेपेला चौथ्या ते सातव्या महिन्यात पडे. वेणा फारशा नाहीत, दुखणे नाही, पिशवीचे तोंड आपोआप उघडे आणि मूल निसटून जाई. विश्रांती दिली, औषधे दिली, उपयोग शून्य. घरोघरी अशा बाईला काय काय ऐकावे लागते, हे वाचकांना सांगायला नको. कुणी नजर लागली म्हणते, कुणी जिन्नाचा असर म्हणते, आणि नवऱ्याला दुसऱ्या निकाहाचा सल्ला देणारेही भेटतात.

शिरोडकरांनी दोष नेमका कुठे आहे ते ओळखले. पिशवीचे तोंड सैल आहे, गर्भाचे वजन वाढताच ते तग धरत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लॅश नावाच्या डॉक्टरांनी अशा तोंडाची डागडुजी केली होती, पण ती गर्भ नसताना. शिरोडकरांनी ती गर्भ असतानाच केली. बाईच्याच मांडीतून चिवट पडद्याची एक पट्टी काढायची. पिशवीच्या तोंडावरची त्वचा पुढून छेदून मूत्राशय हलक्या हाताने वर सारायचा, मागूनही लहान छेद घ्यायचा, आणि ती पट्टी आतल्या तोंडाभोवती फिरवून आवळायची. बटव्याचे तोंड नाडीने आवळावे तसे. १९५५ मध्ये त्यांनी ही रीत 'अँटिसेप्टिक' या भारतीय वैद्यक मासिकात छापली. पुढे पट्टीऐवजी कृत्रिम फीत आली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो 'शिरोडकर टाका' म्हणून गेला. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्डोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका सांगितला, ज्यात मूत्राशय सारावा लागत नाही. आज दोन्ही रीती चालतात.

दुसरा प्रश्न अंग बाहेर येण्याचा. लागोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर पाण्याचे हंडे आणि लाकडाच्या मोळ्या, यामुळे पिशवी खाली उतरते. युरोपात या दुखण्याच्या बहुतेक बाया उतारवयाच्या, त्यामुळे तिथे पिशवीच काढत, किंवा मँचेस्टरच्या रीतीने तिच्या तोंडाचा भाग कापत. तोंड कापले की पुढे गर्भ राहणे आणि टिकणे कठीण होते. आपल्याकडे हे दुखणे पंचविशी-तिशीच्या बायांना होते, आणि त्यांना मूल हवे असे. शिरोडकरांनी पिशवी न काढता पट्टीने तिला मागे मणक्याच्या तळाशी असलेल्या हाडाला टांगण्याची शस्त्रक्रिया बसवली. मुंबईच्याच पुरंदरे यांनी पिशवीचे तोंड पोटाच्या पुढच्या स्नायूवरील आवरणाला बांधण्याची सोपी रीत रूढ केली. विलायतेत छापलेले पुस्तक इथल्या बाईला पुरे पडत नव्हते, म्हणून इथल्या डॉक्टरांनी तिच्या गरजेतून नवे पान लिहिले. शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९७१ मध्येच ते वारले.

गुण आणि धोका

इतिहास लिहिताना नुसते गोडवे गाणे बरे नव्हे. प्रत्येक टाक्याबरोबर धोका येतो. शिरोडकरांच्या टाक्यात मूत्राशयाला इजा होऊ शकते, रक्त जाऊ शकते, जंतुदोष होऊ शकतो, पाणमोट फुटू शकते. सर्वांत मोठा धोका पुढे असतो. टाका तसाच असताना वेणा सुरू झाल्या, तर पिशवीचे तोंड फाटते. म्हणून साधारण ३६ ते ३७ आठवड्यांना तो काढावा लागतो, आणि त्याआधी दुखू लागले, पाणी गेले किंवा रक्त दिसले तर तडक रुग्णालय गाठावे लागते. शहरातल्या बाईला ही सूचना सोपी आहे. डोंगराकडेच्या वाडीतल्या बाईला टाका घालून घरी पाठवताना कोणत्या दिवशी यायचे आणि काय दिसले तर थांबायचे नाही, हे तिच्या भाषेत सांगितलेच पाहिजे. न सांगितलेली सूचना चुकीच्या टाक्याइतकीच घातक ठरते.

टांगण्याच्या शस्त्रक्रियांचेही तसेच. शिरोडकरांच्या रीतीत मूत्रवाहिनी आणि मणक्यापुढच्या मोठ्या शिरा हाताशी असतात, म्हणून ती निष्णाताचेच काम. पुरंदऱ्यांच्या रीतीत पिशवी पुढे ओढली जाते आणि मागे पोकळी राहून तिथे आतडे उतरू शकते. सोपी रीत आणि बिनधोक रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक सवाल उरतो. टाक्याने खरेच मुले वाचतात का? याचे उत्तर शोधायला बारा देशांतल्या १,२९२ स्त्रियांची मोठी पाहणी झाली आणि १९९३ मध्ये तिचा निष्कर्ष छापला गेला. सरसकट पाहिले तर २५ टाक्यांमागे एक बाळंतपण ३३ आठवड्यांच्या आत होण्यापासून वाचले. ज्यांचे गर्भ तीन किंवा अधिक वेळा असे गेले होते, त्यांना मात्र स्पष्ट लाभ झाला. म्हणजे टाका हा ताईत नव्हे, की सगळ्यांच्या गळ्यात बांधावा. ज्या बाईचा दोष तोच आहे, तिच्यासाठीच तो आहे. आज सोनोग्राफीने तोंडाची लांबी मोजून पुष्कळदा हा निर्णय घेतात.

ढाक्याची सायेबा

बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तर जीव वाचवायला शेवटी पिशवी काढतात. तो निर्णय कधी कधी अटळ असतो. पण त्याच्या अलीकडे काय करता येते? १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या ख्रिस्तोफर बी-लिंच या सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांनी एक टाका प्रसिद्ध केला. पिशवीवरून खांद्याच्या पट्ट्यांसारखा धागा घेऊन ती आवळायची, की रक्त थांबते.

पण तो टाका घालायला पोट उघडावे लागते, ऑपरेशनची खोली लागते. ढाका मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापिका सायेबा अख्तर यांच्यापुढे ज्या गरीब बाया रक्ताने माखून येत, त्यांच्यासाठी विलायती फुगाही परवडणारा नव्हता. त्यांनी रबरी नळीला साधा निरोध बांधला, तो पिशवीत सरकवला आणि सलाइनच्या पाण्याने फुगवला. आतून दाब पडला आणि रक्त थांबले. २००३ मध्ये त्यांनी २३ स्त्रियांची हकिकत छापली. सर्वांचे रक्त पंधरा मिनिटांच्या आत थांबले होते. पुढे ही रीत गरीब देशांत दूरवर पसरली. या बंगाली मुसलमान बाईचे नाव आपल्या मुलींना ठाऊक असले पाहिजे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला घरातून विरोध होतो, तेव्हा सांगायला हा चांगला दाखला आहे.

आणि आज?

पोरोपासून सायेबांपर्यंतचा सव्वाशे वर्षांचा हा प्रवास पिशवी काढण्याकडून पिशवी राखण्याकडे आलेला आहे. म्हणून पुढची गोष्ट लिहिताना लाज वाटते.

२०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात सांगण्यात आले, की एकट्या बीड जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढण्यात आल्या. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाया यात होत्या. पाळीचे चार दिवस काम बुडते, पैसे कापले जातात, पांढरे जाते, पोट दुखते, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मग कर्ज काढून पिशवीच काढून टाकायची आणि पुन्हा कोयता हाती घ्यायचा. ज्या राज्यात शिरोडकर आणि पुरंदरे यांनी पिशवी राखण्याचे तंत्र बसवले, त्याच राज्यात हे घडले.

पिशवी काढणे हे कधी कधी योग्यच असते. कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, फार वाढलेल्या गाठी, अशी कारणे आहेत. पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे. मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांना इजा होऊ शकते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर तिशीतल्या बाईची पाळी एकाएकी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसत्या अंगावरच्या पांढऱ्यासाठी ही किंमत मोजायची नसते. त्यासाठी गोळ्या असतात, तपासण्या असतात.

कायदाही बाईच्या बाजूने आहे, फक्त तो तिला कुणी सांगत नाही. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची पिशवी आणि अंडाशय बाहेर बसलेल्या तिच्या आईच्या होकारावर काढण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले, की तपासणीची संमती ही काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान बाई स्वतः होकार देण्याजोगी असताना, तातडीचा जीवघेणा प्रसंग नसेल तर, दुसऱ्या कुणाचा होकार चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अनावश्यक पिशव्या काढणे थांबवण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला.

आपल्या घरांत उलटी रीत आहे. सिझेरियन तातडीचे असते तेव्हा सही करायला नवरा सापडत नाही, सासरे येईपर्यंत थांबा म्हणतात, आणि मूल गुदमरते. पिशवी काढायची असते तेव्हा मात्र झटकन सही होते. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारत नाही. अनार्काला विचारले नव्हते, ती गुलाम होती. आपल्या आया-बहिणी गुलाम नाहीत.

म्हणून वाचकांना, विशेषतः कुटुंबप्रमुख म्हणवणाऱ्या भावांना, आमची विनंती एवढीच. पिशवी काढा असे कुणी सांगितले, तर चार गोष्टी विचाराव्यात. नेमका आजार कोणता, त्याचा लेखी रिपोर्ट आहे का, औषधाने भागेल का, आणि अंडाशय ठेवणार की काढणार? मग दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. पेणचे उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे, मुंबईत जे.जे. आणि कामा आजही उभी आहेत. १८९५ मध्ये गागोद्याच्या बाईला ती दूर होती. आज एसटीने सकाळी निघून दुपारपर्यंत तिथे पोहोचता येते. कागद आधी बाईला वाचून दाखवावा, तिला समजेल अशा भाषेत. सही तिची असू द्यावी.